शंभरने गुणण्याआधी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या शिक्षणाला जर्मनीला जायचं की नाही, यावरचा तुझा तक्ता मिळाला. डावीकडे घरचं गाव चोपडा, उजवीकडे जर्मनीतलं स्टुटगार्ट, खाली बेरीज आणि बेरजेखाली लाल अक्षरात 'परवडत नाही'. मेहनत चांगली घेतली आहेस, पण एवढ्यावर आप्पांनी निर्णय घ्यावा असं मला वाटत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबेल.

तू केलंस काय, तर तिकडच्या प्रत्येक वस्तूची किंमत युरोत शोधली आणि शंभरने गुणली. दर हल्ली तेवढ्याच्याच आसपास आहे, हिशोबाला सोपा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गुणाकाराने केस कापणं अठ्ठावीसशे रुपयांना पडलं आणि विजेचं युनिट पस्तीसला. आजीने वाचून कपाळावर हात मारला असेल. गावाकडे परदेशाची गोष्ट निघाली की हेच चालतं. कोणी तरी सांगतं, तिकडे टमाटे तीनशे रुपये किलो, आणि ओट्यावरचे सगळे चुकचुकतात. ज्याला पगार युरोत मिळतो तो टमाटे रुपयांत घेत नाही. त्याला विचारायचं ते इतकंच, की किलोभर टमाट्यांसाठी तू किती वेळ राबलास?

केळीचंच घे, तुझ्या घरचा माल आहे. स्टुटगार्टच्या कुठल्याही दुकानात शिरलं की फळांच्या मांडणीत केळी असतात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येक फणीला छोटं स्टिकर, त्यावर इक्वाडोर किंवा कोलंबिया. पिवळीधमक, एकसारखी, डाग नाही. जात म्हणशील तर आप्पांच्या बागेत टिश्यूकल्चरची जी-नाइन लावली आहे तिच्याच गोतातली, कॅव्हेंडिश. किलोला दीड-पावणेदोन युरो. तुझ्या पद्धतीने दीडशे-पावणेदोनशे रुपये, म्हणजे महागच म्हणायचं.

आता तासात बघ. जर्मनीत किमान वेतन 2026 च्या जानेवारीपासून तासाला 13.90 युरो आहे. हॉटेलात भांडी घासणारा माणूससुद्धा कापून हातात आलेल्या तासाभराच्या मजुरीत सहा किलो केळी घेऊ शकतो. तीही समुद्र ओलांडून आलेली. तुमच्या बागेत निंदायला येणाऱ्या बाईला दिवसाचे तीनशेच्या आसपास मिळतात. चोपड्याच्या बाजारात डझन केळी चाळीस-पन्नासला घेतली, तर तिला तासाभराच्या मजुरीत डझनभर जेमतेम येतील. दोघांतलं महाग केळं कुठलं ते तू ठरव.

केस कापण्याचं मात्र वेगळं निघतं. तिकडे अठ्ठावीस युरो म्हणजे दोन तासांची किमान मजुरी. इकडे शंभर रुपये म्हणजे त्या बाईच्या रोजाचा तिसरा हिस्सा, म्हणजे दोन-अडीच तासच. जवळपास सारखं. जिथे माणसाचा हात लागतो ते सगळं तिकडे महाग वाटतं, कारण तिथे हाताला दाम आहे. नळ गळायला लागला तर प्लंबर नुसता दारात येण्याचे वेगळे पैसे लावतो. जे यंत्राने होतं, कारखान्यात बनतं, जहाजाने येतं, ते तिकडच्या कमाईच्या मानाने स्वस्त. दूध लिटरला साधारण एक युरो. मोबाइल आणि लॅपटॉप तर दोन्हीकडे जवळपास त्याच किमतीला. म्हणून तिकडचा इंजिनिअर स्वतःचं कपाट स्वतः जोडतो, घर स्वतः रंगवतो, आणि तुझा दादा जळगावात एक खिळा ठोकायला माणूस बोलावतो. तूही तिकडे खिळे ठोकायला शिकशील, त्याची चिंता नको.

मग शंभरने गुणायचंच नाही का? गुणायचं, पण फक्त जो पैसा सीमा ओलांडतो त्याला. जाताना ओलांडणारा आणि येताना ओलांडणारा, एवढाच. मधे तिथे कमावलेला आणि तिथेच खाल्लेला पैसा युरोतच मोजायचा. ही एक गोष्ट पक्की धर, बाकी तक्ता आपोआप सरळ होईल.

जाताना काय ओलांडतं? विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला 992 सुटतात, त्यापेक्षा जास्त काढता येत नाहीत. हे जवळजवळ बारा लाख रुपये, आणि इथे गुणाकार अगदी खरा आहे, कारण हे आप्पांच्या रुपयांतून जाणार. त्यावर तू निवडलेलं विद्यापीठ. जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नसते हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1500 युरो फी आहे, हे तुझ्या तक्त्यात नाही. चार सत्रांचे सहा लाख झाले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून बाहेरच्यांना फी लावली, ती याहून जड. तेव्हा आखेन, मॅग्डेबुर्ग, केमनिट्स यांचे अर्ज भरून ठेव. तिथे बहुतेक अभ्यासक्रमांना फक्त सत्राची किरकोळ वर्गणी असते, आणि शेवटच्या दोन शहरांत खोलीभाडंही कमी. मेकॅनिकलला आखेनचं नाव स्टुटगार्टपेक्षा कणभर कमी नाही. तुला स्टुटगार्टच का हवं, तर तिथे गाड्यांचे कारखाने आहेत म्हणून. अगं, कारखाने नोकरीच्या वेळी लागतात. शिकताना भाडं लागतं.

कर्जाचा हिशोब मी तुझ्यापेक्षा काळजीने करून पाहिला. वीस लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता सत्तावीस हजार येतो, आणि तू तोच लिहिला आहेस. पण शिकत असताना हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर अभ्यासक्रम आणि पुढचे सहा महिने मिळून पाच लाखांच्या वर व्याज साचतं. ते मुदलात मिळवलं की हप्ता तेहतीस-चौतीस हजारांवर जातो. तिथे नोकरी लागली तर हे साडेतीनशे युरोच्या आतलं प्रकरण आहे. नाही लागली आणि परत यावं लागलं, तर पुण्यात लागलेल्या पहिल्या नोकरीचा पगार जाऊन वर खिशातून भरावे लागतील. खरा धोका हा आहे. टमाट्याच्या भावाने कोणाचं घर बुडालेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून कर्जाचे पैसे टप्प्याटप्प्याने उचल, आणि दुसऱ्या वर्षाचा खर्च शक्य तेवढा तिथल्या कामातून काढ. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. मात्र मेकॅनिकलमधे जर्मन बोलता आल्याशिवाय मधल्या आकाराच्या कंपन्या उभंसुद्धा करत नाहीत, आणि नोकऱ्या पुष्कळशा त्यांच्याकडेच असतात. इंग्रजीतून पदवी मिळते म्हणून भाषा मागे टाकू नकोस. तक्त्यातला सगळ्यात जास्त परतावा देणारा खर्च म्हणजे भाषेचा क्लास, आणि तोच तू 'इतर' मधे ढकलला आहेस.

आता डावा रकाना. तिथे चोपडा कशाला लिहिलंस? तू चोपड्यात राहून नोकरी करणार आहेस का? उमविची, म्हणजे जळगावच्या विद्यापीठाची, पदवी घेतलेली मेकॅनिकलची पोरं जातात कुठे, तर चाकण, भोसरी, रांजणगाव. तुझा पर्याय चोपडा नाही, पुणे आहे. तिथे पहिला पगार पंचवीस-तीस हजार धर. तिघींच्या फ्लॅटमध्ये वाट्याचं भाडं नऊ-दहा, मेस चार, गाडीचं पेट्रोल, फोन, दिवाळीत दुप्पट-तिप्पट झालेलं ट्रॅव्हल्सचं तिकीट. महिन्याला आठ-नऊ हजार उरले तर नशीब.

शिवाय चोपड्याच्या रकान्यात तू घरभाडं शून्य, दूध शून्य, डाळ शून्य लिहिलं आहेस. ते शून्य नाही. घर आजोबांनी बांधलं, डाळ शेतातून येते, आणि रोज पहाटे उठून भाकरी थापणाऱ्या तुझ्या आईला आपण पगार देत नाही. पुण्यात राहणाऱ्या आपल्या पोरांना याची खरी किंमत कळते, कारण महिन्यातून एकदा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून कळण्याच्या पिठाची पिशवी, शेव, लोणच्याची बरणी येते आणि पहाटे कोणी तरी वाकडला रस्त्यावर उभं राहून ती उतरवून घेतं. स्टुटगार्टला ती गाडी जात नाही. तूप आणि पेढे तर सामानातूनही नेता येत नाहीत, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपीय संघात बंदी आहे. डाळ-तांदूळ भारतीय दुकानात मिळतात, जळगावच्या भावाच्या दुपटीने म्हण. कळण्याचं पीठ मिळणार नाही. ज्वारी आणि उडीद दळून पाच किलो सोबत ने, बाकी सामान कमी कर.

आणि डाव्या रकान्यात दवाखाना कुठे आहे? गेल्या दोन-चार वर्षांत तुमच्या गल्लीत कोणाचा बायपास झाला, कोण जळगावला आयसीयूत होतं, आठव. एका आजारात केळीचा एक हंगाम जातो. तिकडे विद्यार्थ्याला आरोग्यविम्याचे महिन्याला सव्वाशे-दीडशे युरो भरावे लागतात. तू ते जाच म्हणून लिहिले आहेत. मी ते लिहिताना समोर आप्पांच्या बहिणीच्या ऑपरेशनचं बिल लिहिलं असतं.

नोकरी लागल्यावरचं सांगतो. नव्या इंजिनिअरला वर्षाला पन्नास हजार युरो ठरले, तर कर, पेन्शन, आरोग्यविमा सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात महिन्याला सव्वीसशे-सत्तावीसशे येतात. लोक पन्नास हजारांना शंभरने गुणून पन्नास लाखांचं पॅकेज म्हणून पेढे वाटतात. वाटू देत, आपण हातात आलेल्यावर बोलू. एका खोलीचं घर हीटिंग-पाण्यासकट नऊशे. त्यात पुष्कळदा स्वयंपाकघराच्या जागी नुसते भिंतीतून आलेले नळाचे पाइप असतात, ओटा-शेगडी तुम्ही आणायची. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागतात. जेवण तीनशे. देशभर चालणारा स्थानिक रेल्वे-बसचा पास 63, वीज, फोन, आणि टीव्ही असो-नसो प्रत्येक घरामागे रेडिओ-टीव्हीची वर्गणी 18.36. हे शेवटचं पाहून आपली माणसं फार चिडतात, मीही चिडायचो. नीट राहिलीस तर नऊशे-हजार उरतात.

आता गंमत बघ. पुण्यात पगाराचा साधारण तिसरा हिस्सा उरला, तिकडेही तिसऱ्याहून थोडा जास्त. खाण्यापिण्यात तू काही राजाराणी होणार नाहीस, टक्केवारी तीच. फरक पडतो तो उरलेल्या पैशात, कारण तो सीमा ओलांडू शकतो. त्या नऊशे युरोंना शंभरने गुण, बिनधास्त गुण. कर्ज त्यातून फिटतं, बोअरवेल त्यातून होते.

पण हे फक्त तो पैसा परत येणार असेल तर. कायमचं तिकडे राहिलीस, घर घेतलंस, तर उरलेलाही तिथेच जिरेल आणि गुणाकाराचा विषयच संपेल. मग तुलना पगाराची राहत नाही. स्वच्छ हवा, वेळेवर घरी येणं, मुलांची सरकारी शाळा एका बाजूला, आणि आईचे गुडघे, ऐनवेळी लाखभराचं तिकीट काढून धावत येणं दुसऱ्या बाजूला. यातलं काय तोलायचं ते मी सांगणार नाही, आणि आजच ठरवायची तुला गरजही नाही. कर्ज फिटेपर्यंत परतायचं की राहायचं हा प्रश्न बाजूला ठेवता येतो.

तेव्हा तक्ता पुन्हा कर. डावीकडे पुणे लिही. उजवीकडे दोन शहरं, स्टुटगार्ट आणि आखेन. तिथल्या खर्चापुढे रुपये नकोत, तास लिही. सीमा ओलांडणाऱ्या रकमा वेगळ्या कागदावर, रुपयांत. आणि एक तिसरा कागद: पदवी मिळाली, अठरा महिने संपले, नोकरी नाही, तर हप्ता कोण भरणार आणि कशातून? त्या कागदावर आप्पांच्या जमिनीचा सातबारा येत असेल तर कर्ज बारा लाखांवर आण आणि विनाफीचं शहर निवड. नोकरी करून दोन वर्षांनी जायचं असेल तर तेही चालेल, तोपर्यंत जर्मन पक्कं होईल.

रविवारी मी जळगावला घरीच आहे. बँकेचं मंजुरीपत्र सोबत आण, झेरॉक्स चालेल. थांबलेल्या काळातलं व्याज ते साधं धरतात की चक्रवाढ, आणि मधेच जास्तीचे पैसे भरले तर दंड लावतात का, हे मला आप्पांची सही होण्याआधी वाचायचं आहे.

तुझा,
काका