वावरात राबतो, मग व्यायाम कशाला?

"ताई, मी 41 वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, दोन बाळंतपणं झाली. घरचं वावर सांभाळून दुसऱ्याकडे कापूस वेचणीलाही जाते. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, गुडघे दुखतात. दवाखान्यातल्या मॅडमनी व्यायाम करा म्हटलं. सासूबाई म्हणतात, 'दिवसभर वावरात राबतं, आनखी कायचा व्यायाम?' मलाही तसंच वाटते. अजून एक, शिंक आली की थोडी लघवी होते. हे कोणाला सांगू?"

ताई, शेवटचं लिहिलंत हे फार बरं केलंत. आधी तेच घेते. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून सैल पडतात. मग शिंकताना, खोकताना, गाठोडं उचलताना त्यांना जोर सोसत नाही. कितीतरी बाया हे वर्षानुवर्षं मुकाट सोसतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेकींना व्यायामाने फरक पडतो. लघवी अडवताना जसं आत आवळतो तसं आवळा, पाच अंक मोजा, सोडा, तेवढाच वेळ सैल राहा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. वेचणीला जाताना ऑटोत बसल्या बसल्याही होतं, शेजारणीला कळत नाही. मात्र लघवीला बसल्यावर धार अडवून सराव करू नका. तीन महिने नेमाने करा. जळजळ किंवा ताप असेल तर लघवी तपासून घ्या.

आता सासूबाईंचं म्हणणं. वावरात मेहनत होते, यात वादच नाही. पण वेचणी आठवा. कंबरेची ओटी भरत जाते तसं वजन पुढे ओढतं, खालची बोंडं वेचायला पाठ वाकलेलीच, आणि मजुरी किलोवर म्हणून थांबायची सोय नाही. तीच हालचाल दिवसभर, विसावा नाही. गुडघा आणि कंबर धरून ठेवणाऱ्या मांडीच्या, कुल्ल्याच्या स्नायूंना मात्र हवा तसा जोर मिळत नाही. व्यायामात किती करायचं आणि कधी थांबायचं ते तुम्ही ठरवता, मुकादम नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखी हालचाल आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगते. वेचणीच्या दिवसांत तुमचं चालणं भरपूर होतं, त्यासाठी वेगळं निघू नका. तुम्हाला दुसरा भाग हवा. उताणं झोपून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ ताठ करून वीतभर उचला, पाच मोजून खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मग दोन्ही गुडघे दुमडून कंबर उचला. वावरात अधूनमधून उभं राहून, कंबरेवर हात ठेवून हलकेच मागे झुका. दुखणं वाढलं तर तिथेच थांबा. पाळी जायच्या सुमारास हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हाही हाच जोर कामी येतो.

पण त्याआधी रक्त तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर थकवा व्यायामाने जाणार नाही, लोहाच्या गोळ्या लागतील, आणि त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, तीही तपासणी करून घ्या. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या आरोग्य केंद्रात कधी यायचं ते सांगतील.