घरगुती मसाल्याचा छोटा व्यवसाय सुरू करायचाय, अनुभवातून काय सांगाल?

सगळ्यात आधी कॉस्टिंग नीट करा. ब्याडगी, लवंगी मिरची आणली की देठ काढायचे, उन्हात कडकडीत वाळवायची, मग डंकावर न्यायची, या सगळ्यात वजन घटतं आणि ती घट बरेच जण हिशोबात धरतच नाहीत, वर कांदा-खोबरं भाजायला तेल-गॅस, पाउच, लेबल, आणि स्वतःची मजुरी पण लावा, घरच्या बाईची मेहनत फुकट धरून काढलेला भाव टिकत नाही हे अगदी मनापासून सांगते. मिरची उन्हाळ्यातच भरून ठेवा, पावसाळ्यात माल सर्द मिळतो.

दुसरं म्हणजे उधारी. ओळखीचे दुकानदार 'माल ठेवा, खपला की देतो' म्हणतात आणि तिथेच भांडवल अडकतं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होतं ते कराच, कारण २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायला हवेत, नाहीतर व्याज लागतं. गल्लीतल्या दुकानदाराला कोणी कायदा दाखवत बसत नाही हे खरं, तिथे रोखीनेच द्या, थोडा माल कमी गेला तरी चालेल, पण हॉटेल किंवा मोठ्या स्टोअरची ऑर्डर असेल तर बिलावर उद्यम नंबर छापा.

एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय पाकीट विकू नका. आणि धंद्याचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, घरखर्चात पैसे मिसळले की नफा किती झाला तेच कळत नाही.