आजी आजोबांचं नाव का घेत नाही?

प्रिय बाळा,

दवाखान्यात आजोबांचं नाव विचारलं तेव्हा आजीने माझ्याकडे पाहिलं आणि नाव मी सांगितलं. "आजी स्वतः का नाही सांगत? आजोबा रागावतात का?" असं तू मला विचारलंस. शाळेसाठी तू चीनच्या राजपुत्रांवर लिहितोयस, म्हणून आधी त्यांचंच सांगतो.

कांग्शी सम्राटाच्या 24 राजपुत्रांना क्रमांक होते आणि सगळ्यांची नावं 'यिन'ने सुरू व्हायची. उजाडण्याआधीच त्यांची शाळा भरे. चिनी, मांचू, मंगोल या भाषा आणि जोडीला धनुर्विद्या. एवढं तू लिहिलंच आहेस. पुढचं नाही लिहिलंस.

1722 मध्ये कांग्शी गेला आणि चौथा मुलगा यिनझेन योंगझेंग सम्राट म्हणून गादीवर बसला. सम्राटाच्या नावातलं अक्षर दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, असा तिथला नियम. त्यामुळे एका रात्रीत भावांचा 'यिन' जाऊन 'युन' झाला. वडिलांनी ठेवलेली नावं भावासाठी सोडावी लागली! चौदावा तर सख्खा भाऊ, त्याचं पूर्ण नावच बदललं. आठवा आणि नववा हे गादीचे प्रतिस्पर्धी. 1726 मध्ये त्यांना घराण्यातून काढून टाकलं, वेगळी नावं घ्यायला लावली, आणि त्याच वर्षी दोघे कैदेत मेले.

तेराव्या यिनश्यांगवर मात्र सम्राटाचा फार जीव. 1730 मध्ये तो वारला, तेव्हा सम्राटाने त्याचा 'यिन' त्याला परत दिला. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटते. माणूस गेल्यावर का होईना, भावाला त्याचं नाव मिळालं.

हा धाक राजवाड्यापुरता नव्हता. वांग शीहौ नावाच्या विद्वानाने आपल्या कोशात सम्राटांची नावं पूर्ण छापली, म्हणून 1777 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. पुढे 1796 मध्ये ज्याछिंग सम्राट झाला. त्याच्या मूळ नावातलं 'योंग' हे अक्षर फार वापरातलं, म्हणून त्याच्या वडिलांनी, छियानलोंग सम्राटाने, त्याच्याच नावातलं अक्षर बदललं आणि भावांची नावं तशीच राहू दिली.

आता आजी. आजोबा रागावत नाहीत, आणि आपल्याकडे असा कायदाही नव्हता. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी जुनी समजूत होती. म्हणून 'अहो', 'हे', नाहीतर 'अमक्याचे बाबा'. नाव घ्यायची मोकळीक मिळे ती लग्नात, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, उखाण्यात. आजीला कितीतरी उखाणे पाठ आहेत.

पण आजोबा तिला सरळ नावाने हाक मारतात. बंधन फक्त बायकांना होतं आणि ते मला पटत नाही. आई आणि मी एकमेकांना नावानेच हाक मारतो. आजीने त्यावर कधी तक्रार केली नाही. तिची सवय मात्र आपण मोडायची नाही. अशा वेळी नाव तू सांग.

काका, आत्या, मावशी यांना मात्र नात्यानेच हाक मार. हे मुलगा असो वा मुलगी, सगळ्यांना सारखंच आहे.

शाळेच्या कामात तेराव्या राजपुत्राला आणि ज्याछिंगला नक्की जागा दे. नियम बदलता येतो, आणि ज्याच्या हातात सत्ता असते त्याच्यापासूनच तो आधी बदलावा, हे तिथे दिसतं.

तुझा,
बाबा