गिरणीचं काय काढायचं?

“मॅडम, हात चांगला आहे हो तिचा, पण डोक्यातून काही येतच नाही.” ही तक्रार माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येते. बहुतेक एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेच्या आधी. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती जमतं. घोडं अडतं ते स्मरणचित्रावर, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायच्या चित्रावर. मग क्लासवाले तीन-चार तयार चित्रं पाठ करून घेतात: बाजार, विसर्जन मिरवणूक, पतंग उडवणारी मुलं. पाढे पाठ करावेत तशी.

मनू (नाव आणि काही तपशील बदललेत) सातवीत होती. वहीत सगळीकडे दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी. वडिलांची पिठाची गिरणी, गाव तालुक्याचं. झोपडीत ही पोर कधी राहिलेली नव्हती.

पहिल्याच भेटीत मी चूक केली. “तुझ्या आयुष्यातला एखादा आनंदाचा प्रसंग सांग,” म्हटलं. बारा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न म्हणजे निबंधाचा विषय. तिने वाढदिवस सांगितला, केक सांगितला आणि गप्प बसली. “आमच्याकडे काही होतच नाही,” हे मात्र अगदी मनापासून म्हणाली.

या वयात हे होतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्यात साधारण नवव्या वर्षानंतर मूल आपल्या चित्राकडे टीकेच्या नजरेने पाहू लागतं, असं येतं. पाच वर्षांचं पोर आईला घरापेक्षा मोठी काढून मोकळं होतं. बारा वर्षांचं खोडरबर शोधतं. माझ्या अनुभवात याच वयात मुलं आणखी एक गोष्ट ठरवून टाकतात: आपल्या घरातलं काय काय चित्रात न्यायच्या लायकीचं नाही.

दुसऱ्या भेटीत प्रश्न बदलला. “काल शाळेतून आल्यावर कुठे बसलीस?”

“गिरणीत.”

“कशावर?”

“उपड्या डब्यावर.”

मग सुटली. गिरणी चालू असली की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून बाबा बोटांनी किलो सांगतात. पीठ पडतं तिथे बांधलेलं फडकं फुगतं आणि बसतं. बाबांच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या. बायका आल्या आल्या विचारतात, आधी काय दळलंय? गव्हाच्या आधी बाजरी गेली असेल तर थांबतात. उपवासाच्या भाजणीवरून तर भांडणंही होतात. वर्गातल्या दोघी ‘पीठवाली’ म्हणतात, हेही त्याच ओघात आलं. त्यावर मी खोदलं नाही. मूल जे सहज टाकतं ते उचलायची घाई केली की पुढच्या भेटीला ते येतच नाही, हे एकदा ठेच लागून शिकले आहे.

आईला सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अहो, गिरणीचं काय काढायचं? परीक्षकाला काही सुंदर नको का?” पोरीच्या डोक्यातून का येत नाही, ते मला तिथे कळलं.

पुढचं काम तसं साधं. एका कागदाला घड्या घालून आठ चौकटी केल्या, प्रत्येक काड्यापेटीपेक्षा जरा मोठी. खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये. एकेका चौकटीला तीन मिनिटं: तू कुठून बघतेस? सगळ्यात मोठं काय दिसतं? काय वगळलं तर चालेल? पहिल्या तीन चौकटींत गिरणी लांबून, दुकानाच्या पाटीसकट, क्लासमधल्या बाजाराच्या चित्रासारखी. चौथीत ती उपड्या डब्यावर बसली. लगेच बायकांच्या कमरा आणि पिशव्या समोर आल्या, यंत्र डोक्यावर चढलं, आणि बाबांचा हात तेवढा मध्ये, तीन बोटं वर. पाटी गेली. तीच चौकट मोठी करायची ठरली.

अडलं ते पिठाशी. पांढऱ्या कागदावर उडणारं पांढरं पीठ दाखवायचं कसं? मी सुचवणार होते, पण जीभ चावली. दोन दिवसांनी तिने मागची भिंत काळपट निळी रंगवून आणली आणि पिठाच्या जागी कागद कोराच सोडला. भुवयाही तशाच सोडल्या.

परीक्षेत नेमका गिरणीचा विषय थोडाच येतो? पण ‘कुठून बघतेस’ हा प्रश्न बाजारालाही लागतो आणि बसस्टॉपलाही. तिला एवढंच सांगितलं.

चित्र न्यायला आई आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग डब्यांच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाल्या, “अगं, हा बाजरीचा डबा गव्हाच्या पुढे कसा लावलास? बाबा असं कधी करतात का?”

“त्या काकूंना एसटी पकडायची होती,” मनू म्हणाली. “तू नव्हतीस तेव्हा.”