लंडन ते डनिच ही रात्रीची सायकल राइड पहिल्यांदाच करतोय, झेपेल का?

झेपेल, पण आधी एकदा सलग १०० किमी मारून बघा. डनिच डायनॅमो नावाची ही राइड साधारण १८० किमीची आहे. जुलैतल्या पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी रात्री पूर्व लंडनमधल्या हॅक्नीतल्या लंडन फील्ड्स या बागेपासून निघायचं आणि सकाळी सफोक परगण्याच्या किनाऱ्यावरच्या डनिचला पोचायचं. फी नाही, मागे सपोर्टची गाडीही नाही. पंक्चर आपलं आपणच काढायचं, म्हणून दोन ट्यूब, पंप आणि रात्रभर टिकेल असा दिवा हवाच. पहाटे तीनच्या सुमाराला जुलैतही हात गारठतात, जाकीट घ्याच. अरुंद गावरस्त्यावर पुढे नुसती लाल दिव्यांची हलती रांग दिसते, त्यासाठी मी पुन्हा पुन्हा जातो! परतीचं मात्र आधीच ठरवा, डनिचला रेल्वे स्टेशन नाही.