इंजिन कुणाचं, शाफ्ट केवढा?

तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयवाल्यांचा सीझन सुरू होतो. त्याच्या आधीच्या महिन्यात माझ्याकडे हमखास एकच रड येते: लॉन गुडघाभर वाढलंय आणि मशीन ताडपत्रीखाली मेलेलं आहे. यंदा बहुतेकांनी बसून चालवायच्या मशीनबद्दल, म्हणजे राइड-ऑन मोव्हरच्या इंजिनाबद्दल विचारलंय. म्हणून ती उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न : मालक, सोलापुरात होटगी रोडला आमचं मंगल कार्यालय आहे. पुण्याच्या लिलावातून जुनं राइड-ऑन आणलं. इंजिन गेलंय. बॉनेटवर ज्या कंपनीचं नाव आहे, त्या नावाचं इंजिन कुणाकडेच मिळेना. इंजिन ओळखायचं कसं?

ट्रकच्या कपाळावर ‘सिद्धेश्वर प्रसन्न’ लिहिलेलं असतं, म्हणून ट्रक सिद्धेश्वराने बनवलेला नसतो. बॉनेटवरचं नाव मशीनचं. आतलं इंजिन बहुतेक वेळा दुसऱ्याचंच असतं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, कावासाकी किंवा होंडा. एकाच रंगाच्या दोन मशीनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची इंजिनं मी स्वतः उतरवली आहेत. तेव्हा बाजारात मशीनचं नाव सांगत फिरू नका, इंजिनाचा नंबर घेऊन जा.

जुन्या मशीनमध्ये ब्रिग्जचं इंजिन बऱ्याचदा सापडतं, म्हणून त्याचंच सांगतो. बॉनेट उघडा. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, पंख्यावर जे पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या कडेला ठसा मारलेले आकडे असतात. अलीकडच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या झाकणावर स्टिकर असतो. तिथे हमखास तेल, धूळ आणि गवताचा चिखल थापलेला असणार. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका, आकडेच उडतील. रॉकेल नाहीतर डिझेल आणि जुना दातांचा ब्रश घ्या. पत्रा कोरडा झाला की त्यावर पांढरा खडू आडवा घासा आणि बोटाला फडकं गुंडाळून वरवर पुसा. ठशात खडू अडकतो आणि न दिसणारा आकडा पाटीवर लिहिल्यासारखा उठून येतो. मग टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि मोबाइलवर फोटो काढा. हातावर लिहून आणलेला नंबर मी मानत नाही. ८ चा ३ आणि बी चा ८ होऊन आलेली गिऱ्हाइकं कमी नाहीत.

तिथे तीन नंबर मिळतील: मॉडेल, टाइप आणि कोड. समजा मॉडेल ३१पी७७७ आहे. पहिले दोन आकडे म्हणजे इंजिनाचं माप घन इंचांत. एक घन इंच म्हणजे १६.३९ सीसी, म्हणजे ३१ चं इंजिन साधारण ५०० सीसीचं. २८ असेल तर सुमारे ४६०. त्यापुढचं अक्षर बनावटीच्या मालिकेचं. चौथं चिन्ह नीट बघा: ० ते ४ असेल तर शाफ्ट, म्हणजे इंजिनातून बाहेर येणारा फिरता दांडा, आडवा; ५ ते ९ असेल तर उभा. राइड-ऑनमध्ये सहसा उभाच असतो. टाइप नंबर लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात, कारण शाफ्टची लांबी-जाडी, गव्हर्नरची (इंजिनाचा वेग काबूत ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग असले बारकावे त्यात दडलेले असतात. कोड म्हणजे जन्मतारीख. ९३०५१२ ने सुरू होत असेल, तर इंजिन १२ मे १९९३ चं.

एक सावधगिरी. लिलावातलं मशीन आहे, वरचं झाकण दुसऱ्या इंजिनाचं बसवलेलं असू शकतं. झाकणाचा रंग आणि खालच्या पत्र्याचा रंग जुळत नसेल, तर नंबरावर विसंबू नका. टेप आणि व्हर्नियर घेऊन शाफ्ट मोजा. आणि इंजिनावर टेकुमसेह हे नाव निघालं तर सुट्या भागांच्या मागे लागू नका. त्या कंपनीने २००८ मध्येच इंजिनं बनवणं बंद केलं. सरळ दुसऱ्या कंपनीचं जुळणारं इंजिन शोधा.

प्रश्न : विजापूर रोडवरच्या आमच्या शाळेच्या मैदानाचं मशीन आहे. मिस्त्री म्हणतात, पाण्याच्या पंपाचं इंजिन स्वस्तात मिळतंय, ते उभं करून बसवतो. बसवू का?

नाही. पंपाचं इंजिन आडव्या शाफ्टचं असतं. अशा छोट्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक पळी असते. ती खालच्या तेलात बुडते आणि तेल वर उडवते. इंजिन उभं केलं की तेल जातं भलतीकडे आणि पळी हवेत फिरते. कार्बोरेटरमधला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट तिरका होतो तो वेगळाच. चार-दोन फेऱ्या होतील, मग रॉड जॅम. होंडाचं नाव ऐकून भुलू नका, त्यातही दोन जाती आहेत: जीएक्स आडवं आणि जीएक्सव्ही उभं. त्या एका ‘व्ही’चे पैसे असतात. मिस्त्रींना सांगा, शाळेचं मैदान आहे, प्रयोगशाळा नव्हे.

प्रश्न : बार्शीहून विचारतोय. आमच्याकडे जुळेल असं इंजिन मिळालं, पण शाफ्ट किंचित वेगळा आहे. लेथवर करून घेता येईल का? आणि जुन्या इंजिनाची पुली काही केल्या निघत नाही.

‘किंचित’ म्हणजे किती, ते आधी सांगा. राइड-ऑनचा उभा शाफ्ट बहुधा १ इंच जाडीचा आणि ३ पूर्णांक ५/३२ इंच लांबीचा असतो, म्हणजे साधारण ८० मिलिमीटर. पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून मध्ये धातूची छोटी पट्टी बसते, तिला चावी म्हणतात; तिची खाच दोन सुताची, म्हणजे पाव इंचाची. टोकाला आतून आटे असतात ते सहसा ७/१६ इंच बारीक आट्याचे. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथे. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. दुकानदार २५ ची पुली देतो, ती चढत नाही; मग कुणीतरी ती पुली पॉलिश पेपरने घासत बसतो आणि भोक लंबगोल करून ठेवतो. चावीचंही तेच: दोन सूत म्हणजे ६.३५, आणि ६ ची चावी घातली तर ती खडखडत खाच खाऊन टाकते. टोकाच्या आट्यात मेट्रिक बोल्ट दोन फेरे गोड बोलून जातो आणि तिसऱ्याला आटे घेऊन बाहेर येतो.

शाफ्ट लांब असेल तर खाली वायसर आणि स्पेसर घालून पुलीची उंची जुळवता येते. ती उंची जुनं इंजिन उतरवण्याआधी मोजून ठेवा: इंजिनाच्या बुडापासून प्रत्येक पुलीच्या खाचेपर्यंत. गाडी ओढणारा पट्टा वेगळा, पात्यांचा वेगळा. अर्धा सेंटिमीटर जरी चुकला तरी पट्टा उडतो. शाफ्ट आखूड असेल तर ते इंजिन परत करा. शाफ्ट बारीक असेल तर बुश, म्हणजे फट भरणारी नळी, घालून देणारे लेथवाले अक्कलकोट रोड एमआयडीसीत खूप आहेत, हातही चांगला आहे त्यांचा. पण ज्याच्यावर पात्यांचा झटका येतो तिथे मी बुश घालत नाही. दुसऱ्याने घातलं तर मी भांडत नाही, एवढंच.

आता पुली. उमेदवारीत असताना मी एक पुली हातोड्याने ठोकली होती. तिसऱ्या ठोक्याला पुली हलली, मला शाबासकी हवी होती. उस्तादांनी इंजिनाच्या बुडाकडे बोट दाखवलं. अ‍ॅल्युमिनियमच्या सम्पला, म्हणजे तेलाच्या तळभांड्याला, केसासारखी चीर गेली होती आणि तेल थेंबथेंब गळत होतं. दोन महिने पगारातून कापले गेले. तेव्हा जुनं इंजिन भंगारात जाणार असलं तरी ठोकू नका, पुली तर परत लागणारच आहे ना! आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी मधला बोल्ट काढा, तो जुना बोल्ट दोन-तीन आटे आत ठेवून पुलरचं (पुली ओढून काढायच्या हत्याराचं) टोक त्याच्या डोक्यावर टेकवा, म्हणजे शाफ्टचे आटे वाचतात. पुलर ताणून धरा आणि थांबा. चहा पिऊन या. मग पुलीच्या बॉसला, म्हणजे मधल्या जाड भागाला, गॅसची थोडी ऊब द्या, पेट्रोलची टाकी आधी लांब नेऊन. बहुतेक वेळा ‘टक्’ असा आवाज येतो आणि काम होतं. खाली विजेवर चालणारा क्लच असेल तर त्याला गॅस अजिबात दाखवू नका, आतली कॉइल जळते.

प्रश्न : पंढरपूरला बागेची कंत्राटं घेतो. नवं इंजिन बसवलं, चाललंही. पण चावी बंद केली तरी इंजिन बंद होईना. वायरमनने एक वायर बॅटरीला जोडून बघितली, तेव्हापासून चालूच होत नाही.

ठिणगी पाडणारी कॉइल गेली असणार. मॅग्नेटोच्या, म्हणजे चुंबकावर ठिणगी पाडणाऱ्या, इंजिनात बंद करायची वायर स्कूटरसारखीच असते: ती बॉडीला टेकली की ठिणगी थांबते. तिला १२ व्होल्ट दिले की कॉइलचा जीव जातो. नवी कॉइल आणा, पण लावण्याआधी मीटर घेऊन गाडीकडची वायर तपासा. चावी बंद असताना ती बॉडीला मिळाली पाहिजे, चावी चालू केली की सुटली पाहिजे, आणि चावी कुठेही फिरवली तरी तिच्यावर व्होल्ट दिसता कामा नये. सीटखालचा स्विचही याच वायरवर काम करतो. चालक उठला की इंजिन बंद व्हावं म्हणून तो आहे. कटकट नको म्हणून तो बायपास करणारे भेटतात. त्यांच्या मशीनला मी हात लावत नाही.

दुसरी वायर कार्बोरेटरच्या तळाच्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या पेट्रोलच्या झडपेची. तिला मात्र १२ व्होल्ट लागतात. चावी लावल्यावर तिथे ‘टिक्’ ऐकू आलं पाहिजे, नाहीतर पेट्रोल जाणारच नाही. तिसरी चार्जिंगची. इंजिन पूर्ण वेगात असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर ठीक. १२ च्या आसपासच राहिले तर जुन्या-नव्या इंजिनाच्या चार्जिंगची जात वेगळी आहे. प्लग बसला म्हणजे जात जुळली असं नसतं.

प्रश्न : ढकलायचं मशीन दगडावर आदळलं, तेव्हापासून दोरी ओढली की हाताला झटका देतं. दुकानदार म्हणतो इंजिन बदला. (जुळे सोलापूर)

दुकानदार बदला. आधी फ्लायव्हीलखालची चावी बघा. ती मऊ धातूची असते, दगडाचा मार बसला की थोडी कातरते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकतं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा शाफ्ट, वाकलेला नसेल तर एवढ्यावर भागेल. वाकलाय का, ते प्लगची वायर काढून आणि पातं हाताने हळू फिरवून कळतं.

प्रश्न : चिंचोळीच्या कारखान्यातल्या लॉनसाठी नवं इंजिन घेतलं. तेल कुठलं, पेट्रोल कुठलं?

आपल्या उन्हाला एसएई ३० या ग्रेडचं तेल बरं. ब्रिग्जच्या पुस्तिकेतच लिहिलंय की २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० वापरलं तर इंजिन तेल जास्त खाऊ शकतं, आणि सोलापुरात २७ अंश म्हणजे थंडीच. पहिलं तेल ५ तासांनी बदला. एअर फिल्टर मात्र पुस्तिकेतल्या तासांवर सोडू नका. काळ्या मातीची धूळ बघता दर आठवड्याला उघडून बघा. पिस्टनच्या रिंगा घासून आलेली निम्मी इंजिनं फिल्टरनेच मारलेली असतात.

पेट्रोलचं दुखणं वेगळं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीचं इथेनॉल आता २० टक्के मिसळून येतं आणि या छोट्या इंजिनांना कंपन्या सहसा १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉल पाणी ओढतं. दोन-तीन महिने उभ्या मशीनच्या कार्बोरेटरमध्ये खाली पाणी बसतं आणि जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) गंजतो. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

आणि खोक्यातून इंजिन काढल्यावर डिपस्टिकला किंवा दोरीला अडकवलेला इशाऱ्याचा टॅग वाचा. नवं इंजिन तेलाविना येतं. गेल्या वर्षी एकाने तो टॅग शोभेचा समजून तसाच ठेवला आणि स्टार्टर मारला. इंजिन माझ्याकडे आलं तेव्हा टॅग अजून लटकत होता.