वाचकांचे प्रश्न : पानगळीतली कयाक आणि गार पाणी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मेपलची पाने रंगलेली असताना, राउंड व्हॅली जलाशयावर कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, निमुळती होडी) घेऊन दिवसभर हिंडण्याचा बेत आहे. दुपारी हवा 20 अंश सेल्सियसच्या आसपास असते. पत्नी कयाकमध्ये प्रथमच बसणार आहे. मी मात्र गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला आहे. लाइफ जॅकेट आणि वेटसूट (गार पाण्यात अंगाची ऊब राखणारा घट्ट रबरी पोशाख) यांची खरोखरच आवश्यकता आहे का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आवश्यकता आहे, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आहे. आपण हवेचे तापमान सांगितलेत, परंतु कपडे ठरवायचे ते पाण्याच्या तापमानावरून. त्या सुमारास जलाशयाच्या पृष्ठभागाचे पाणी साधारण 15 ते 18 अंशांवर आलेले असते. एवढ्या गार पाण्यात माणूस अवचित पडला की पहिल्याच क्षणी त्याला जोराची धाप लागते, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत जाते. हा पहिला मिनिट निभावला तरी पुढे हातापायांतील रक्तपुरवठा घटत जातो, बोटे वळेनाशी होतात आणि उत्तम पोहणाऱ्याचेही हात चालेनासे होतात. विहिरीत पोहताना कठडा चार हातांवर असे. येथे किनारा अर्ध्या मैलावर असू शकतो. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे होडीतील प्रत्येकासाठी एक लाइफ जॅकेट बरोबर असावेच लागते, परंतु पायाशी ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही.

स्थळाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. राउंड व्हॅली हा न्यू जर्सीतील सर्वांत मोठा जलाशय असून त्याची साठवण सुमारे 55 अब्ज गॅलन आणि खोली 180 फुटांच्या आसपास आहे. कुशेटंक डोंगराच्या नालाकृती कुशीत तो वसलेला आहे. तेथे वारा अचानक उठतो आणि उघड्या पाण्यावर पाहता पाहता लाटा तयार होतात. गेल्या काही दशकांत तेथे बुडालेल्यांपैकी काहींचे मृतदेह आजवर हाती लागलेले नाहीत. प्रथमच वल्हे हाती घेणाऱ्या व्यक्तीसाठी क्लिंटनजवळचाच स्प्रूस रन जलाशय मी सुचवेन. तो सुमारे 1,290 एकरांचा, तुलनेने उथळ आणि खाचाखोचांच्या किनाऱ्याचा आहे. रंग पाहायला तोही काही कमी नाही, आणि झाडे काठावर असल्याने किनारा धरून जाणाराच ती जवळून पाहतो!

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वल्हवावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहील. कयाक उलटली तर तिला सोडून पोहत सुटू नये, तिलाच धरून राहावे. ती तरंगते आणि दुरूनही दिसते. जीन्स आणि सुती स्वेटशर्ट घरी ठेवावेत, कारण भिजलेले सूत अंगातील ऊब शोषून घेते. कोरड्या कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत बांधून कयाकमध्येच ठेवावा, आणि चहाचा थर्मासही गाडीत विसरू नये. त्या आठवड्यात सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. म्हणून साडेचारपर्यंत किनाऱ्याला लागावे. बेत नोव्हेंबरमध्ये ढकलला गेल्यास, घड्याळे एक तास मागे गेल्यावर पाचच्या आतच अंधारून येऊ लागते, तेव्हा परतीची वेळ तीनची धरावी.